केसाच्या सावलीत उजेड कुठून आला?

शंकासुर (धागाकर्ता), रात्री ११:४२

मंडळी, प्रश्न साधा आहे, पण दोन दिवस डोक्यातून जात नाहीये.

घरात एक लाल लेझर पॉइंटर पडून होता. लेकीला सावली कशी पडते ते दाखवावं म्हणून माझाच एक केस उपटला, पुठ्ठ्याला भोक पाडून त्यावर ताणून चिकटवला आणि लेझर मारला. भिंत तीन मीटरवर. वाटलं होतं, लाल ठिपक्याच्या मधोमध बारीकशी काळी रेघ दिसेल. रेघ नाहीच! ठिपका जागच्या जागी, शिवाय त्याच्या दोन्ही बाजूंना लाल ठिगळांची माळ, मधे मधे काळ्या फटी, चांगली हातभर लांब. केस उभा धरला की माळ आडवी, केस आडवा केला की माळ उभी.

पुस्तकात बघितलं तर 'अडथळ्याच्या कडेवरून तरंग वळतात, याला विवर्तन म्हणतात' एवढं एकच वाक्य. बरं, मान्य. पण वळतात म्हणजे वळवतं कोण? केस प्रकाशाला ओढून घेतो की काय?

आणि खरी गंमत पुढे आहे. माझा केस काढून लेकीचा बारीक केस लावला तर माळ आणखी पसरली. अडथळा लहान आणि वळणं जास्त? उलटं नको का?

---

मुक्ताफळे, रात्री ११:५५

वाचनखूण साठवली आहे. उत्तर माहीत नाही. आमच्याकडे केस कुणाचा उपटायचा यावरून वाद सुरू झाला आहे, त्याचा निकाल लागला की प्रयोग करतो.

---

सरळमार्गी, सकाळी ७:१०

यात विशेष ते काय? उन्हात हात धरा, सावलीची कड धूसर दिसते. तेच विवर्तन. प्रकाश कडेवरून थोडा आत सरकतो.

---

जुना मास्तर, सकाळी ८:३४

सरळमार्गी, हा गैरसमज इतका पसरलेला आहे की आधी तोच निस्तरतो. उन्हातल्या सावलीची धूसर कड ही उपच्छाया. सूर्य आपल्याला बिंदूएवढा दिसत नाही, साधारण अर्ध्या अंशाची थाळी दिसते. कडेजवळच्या जागेला त्या थाळीचा अर्धामुर्धा भाग दिसतो, म्हणून तिथे अर्धामुर्धा उजेड. हात जमिनीपासून एक मीटरवर असेल तर ही धूसर पट्टी नऊएक मिलिमीटर रुंद पडते. त्याच अंतरावर विवर्तनाचे पट्टे एक मिलिमीटरच्याही आत असतात. म्हणजे ते असतात, पण उपच्छायेत बुडून जातात. शंकासुरांना ते दिसले कारण लेझर म्हणजे जवळजवळ बिंदूतून निघालेला, एकाच रंगाचा प्रकाश.

आता 'वळवतं कोण' याबद्दल. कुणीच नाही. केस प्रकाशाला ओढत नाही, ढकलत नाही. केस सोन्याच्या तारेचा असो की काळ्या धाग्याचा, जाडी तीच असेल तर माळही तीच.

हायगेन्सने १६७८ मध्ये पॅरिसच्या अकादमीपुढे जी कल्पना मांडली (पुस्तक १६९० मध्ये आलं) ती अशी: तरंगाग्रावरचा (म्हणजे तरंगाच्या पुढच्या आघाडीवरचा) प्रत्येक बिंदू स्वतः एक नवा उगम असतो आणि तिथून लहरी पसरतात. म्हणजे पसरणं हा तरंगाचा मूळ स्वभाव. उलटा प्रश्न विचारायला हवा, की मग उजेड सरळ का जातो? तर अखंड तरंगाग्रावरून निघालेल्या लहरी आडव्या दिशांना एकमेकींना खोडून टाकतात, एकीचं शिखर दुसरीच्या दरीवर पडतं. पुढच्या दिशेला तेवढी बेरीज उरते. अडथळा मधे आला की त्यातल्या काही लहरी गायब होतात. ज्यांनी ज्यांना खोडायचं त्यातले निम्मे गडीच मैदानातून गेले! मग आडव्या दिशेला जे खोडलं जात होतं ते पूर्ण खोडलं जात नाही. ते उरलेलं म्हणजे तुमची माळ.

---

शंकासुर, सकाळी ९:०२

मास्तर, हे भारी आहे. 'केस वळवतो' नाही, 'केस हिशेब बिघडवतो'. पण बारीक केस जास्त का बिघडवतो?

---

जुना मास्तर, सकाळी ११:२०

आधी केस बाजूला ठेवा आणि तेवढ्याच रुंदीची फट घ्या. फटीचे मनातल्या मनात दोन भाग करा, डावा आणि उजवा. डाव्या भागाच्या कडेचा बिंदू आणि उजव्या भागाच्या सुरुवातीचा बिंदू, अशी जोडी लावा. तिरक्या दिशेने जाताना या दोघांच्या वाटेत जो फरक पडतो तो बरोबर अर्धी तरंगलांबी (तरंगलांबी म्हणजे एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचं अंतर) झाला की जोडी संपली, काळोख. पुढच्या सगळ्या जोड्यांचंही तेच. पहिली काळी फट तिथे पडते.

आता फट अरुंद करा. जोडीतले दोघे जवळ आले. तेवढाच फरक पडायला त्यांना जास्त तिरकं जावं लागेल. म्हणून काळी फट लांब सरकते आणि मधला उजेड ऐसपैस होतो. कोनाचा हिशेब: तरंगलांबी भागिले फटीची रुंदी. तरंगलांबीच फटीपेक्षा मोठी असेल तर काळी फट पडतच नाही, उजेड सगळीकडे.

फटीचं केसाला कसं लागू पडतं? ही बाबिनेची युक्ती, मला फार आवडते. केसाच्या बाजूंनी जो प्रकाश पुढे गेला आणि तेवढ्याच फटीने जो सोडला असता, त्या दोघांची बेरीज म्हणजे काहीच न अडवलेला झोत. काहीच अडवलं नसतं तर मुख्य ठिपक्याच्या बाहेर भिंतीवर काय पडलं असतं? शून्य. दोघांची बेरीज शून्य, म्हणजे दोघे सारखे आणि विरुद्ध. विरुद्धपणा डोळ्याला कळत नाही, डोळ्याला फक्त तीव्रता कळते. म्हणून मुख्य ठिपका सोडला तर केसाची माळ आणि फटीची माळ एकच.

---

खडूस, दुपारी १२:४५

हे सगळं ठीक. पण 'आवाज भिंतीआडून येतो, उजेड येत नाही, कारण विवर्तन' असं प्रत्येक शिक्षक सांगतो त्यावर माझा आक्षेप आहे. खोलीबाहेरून हाक मारली तर ऐकू येते ती बहुतांशी समोरच्या भिंतीवरून, छतावरून आपटून. ते परावर्तन झालं. त्याच कॉरिडॉरच्या भिंतीला आरसे लावा, उजेडही येईल.

---

जुना मास्तर, दुपारी १:३०

खडूस, या वेळी तुमच्याशी पूर्ण सहमत. तोंडी लावायला सोपं म्हणून ते उदाहरण चालू राहिलंय. खरं बघायचं तर मोकळ्या मैदानात एकट्या उभ्या भिंतीमागे जाऊन ऐकायला हवं. पलीकडच्या माणसाचं बोलणं येतं, पण बसकं. स, श, च यांची धार जाते. ३४० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी एक मीटर, ती कडेवरून मजेत पसरते. 'स'मधला फुसफुसाट ६००० हर्ट्झच्या आसपासचा, सहाएक सेंटीमीटरचा. त्याला भिंत म्हणजे भिंतच.

यापेक्षा जवळचा अडथळा म्हणजे आपलं डोकं. बारीक, तीव्र आवाज डोक्याला वळसा घालू शकत नाहीत, पलीकडच्या कानावर सावली पडते आणि त्यावरून आवाज कुठल्या बाजूचा ते कळतं. खर्जातले आवाज डोक्याला जुमानत नाहीत. तिथे मेंदू दोन कानांवर पोचण्याच्या वेळेतला फरक वापरतो. लॉर्ड रॅलेने १९०७ मध्ये हे दोन्ही मार्ग वेगळे करून मांडले होते.

---

सागरवेडा, दुपारी ३:१५

आमच्या पाण्याकडेही बघा की. बंदराला लाटा अडवायला बंधारा घालतात, त्याच्या टोकावरून लाटा आत वळताना उंचावरून अगदी स्पष्ट दिसतात. टोकाभोवती अर्धवर्तुळं. पुस्तकात काढलेलं चित्रच पाण्यावर.

दर १० सेकंदांनी येणारी लाट खोल समुद्रात सुमारे १५६ मीटर लांब असते, ५ सेकंदांची सुमारे ३९ मीटर. उथळ पाण्यात दोन्ही आखडतात. पण लांब ती लांबच, आणि तीच बंधाऱ्यामागे जास्त शिरते. म्हणून वाऱ्याने उठलेली बारीक खळबळ बंधाऱ्याबाहेर राहते आणि दूरच्या वादळाची संथ फुगवटी आतल्या बोटींना दोरखंड ताणायला लावते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं समुद्र शांत आहे.

---

सरळमार्गी, दुपारी ३:४०

म्हणजे किनाऱ्याशी लाटा नेहमी समांतर होऊन येतात तेही विवर्तनच ना?

---

सागरवेडा, दुपारी ३:५८

नाही नाही, ते अपवर्तन (जुन्या पुस्तकांत वक्रीभवन). उथळ पाण्यात लाट मंदावते. तिरक्या लाटेचं एक टोक आधी उथळात येतं, मंदावतं, दुसरं टोक पुढे येऊन गाठतं, लाट वळते. तिथे अडथळाच नाही, वेग बदलतो म्हणून वळण. बेटामागे मात्र दोन्ही एकत्र होतं आणि वेगळं करणं डोकेदुखी असते.

---

सरळमार्गी, दुपारी ४:०५

प्रकाटाआ, म्हणजे प्रतिसाद काढून टाकला आहे. (दोनदा पडला. आणि आता मी फक्त वाचणार आहे.)

---

रेडिओवाला, संध्याकाळी ६:२२

डोंगराआड मध्यम लहरींचं केंद्र लागतं आणि एफएम खरखरतं, तेही याच हिशेबात. १००० किलोहर्ट्झ म्हणजे ३०० मीटरची लहर, १०० मेगाहर्ट्झ म्हणजे ३ मीटरची. (मध्यम लहरी जमिनीला धरून जातात हा भाग वेगळा आहे, सगळं श्रेय विवर्तनाला देऊ नका.)

आमच्या कामातली एक गोष्ट सांगतो जी ऐकून नवीन मुलं हमखास चक्रावतात. दोन मनोऱ्यांमधल्या सरळ रेषेला डोंगराचा माथा नुसता शिवतोय, अडवत नाहीये. सिग्नल किती मिळेल? सगळे म्हणतात, पूर्ण. मिळतो पाव. ६ डेसिबल गेले. कारण मास्तरांनी सांगितलं तेच: अर्धं तरंगाग्र डोंगराने खाल्लं, आयाम (लहरीची उंची) निम्मा, शक्ती पाव. रेषा मोकळी असून भागत नाही, तिच्याभोवतीची जागाही मोकळी लागते. १० किलोमीटरचा दुवा, ५ गिगाहर्ट्झ, तर मध्यावर ही जागा सुमारे १२ मीटर त्रिज्येची. फ्रेनेलचा पहिला पट्टा म्हणतात त्याला. दुर्बिणीतून पलीकडचा मनोरा लख्ख दिसतो आणि दुवा तरी रडतो, असं झालं की आम्ही आधी मधली झाडं बघतो.

---

शंकासुर, रात्री ९:१०

आज मोजमाप केलं. मधल्या ठळक ठिगळाची रुंदी, डावीकडच्या काळ्या फटीपासून उजवीकडच्या काळ्या फटीपर्यंत, ५.२ सेंमी. अंतर ३ मीटर. लेझरवर ६५० नॅनोमीटर लिहिलंय. तरंगलांबी गुणिले अंतर भागिले रुंदी, केसाची जाडी आली ०.०३७ मिमी. माझे केस इतके नाजूक कधीच नव्हते. चूक कुठे आहे?

---

जुना मास्तर, रात्री ९:२५

मधलं ठिगळ दुप्पट रुंद असतं. ते सोडा, बाजूच्या लागोपाठच्या दोन काळ्या फटींमधलं अंतर घ्या. शक्य तर दहा अंतरं एकदम मोजून दहाने भागा.

आणि लेझर कुणाच्या डोळ्यांच्या पातळीवर धरू नका, चकचकीत वस्तूवर तर मुळीच नको. लेक बाजूला आहे म्हणून सांगितलं.

---

शंकासुर, रात्री ९:५०

दहा अंतरं २६ सेंमी. म्हणजे २.६ सेंमी एक. जाडी ०.०७५ मिमी. लेकीचा केस: ३.६ सेंमी, म्हणजे ०.०५४ मिमी. पट्टी आणि पुठ्ठा वापरून केस मोजला! उद्या ऑफिसात कुणी विचारलं काय केलंस रात्री, तर काय सांगू.

---

निशाचर, रात्री ११:३०

उशिरा आलो, पण आकाश आमचं खातं आहे.

दुर्बिणीची गोल काचही एक भोकच. तारा बिंदू असला तरी प्रतिमा बिंदू येत नाही, वाटोळा ठिपका आणि भोवती कडी. एअरीने १८३५ मध्ये त्याचं गणित केलं. ठिपक्याचा कोन: १.२२ गुणिले तरंगलांबी भागिले भोकाचा व्यास. हबलचा आरसा २.४ मीटरचा, ५०० नॅनोमीटरला हिशेब येतो सुमारे ०.०५ विकला (अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला). काच कितीही निर्दोष घासा, याच्याखाली जाता येत नाही. आपली बाहुली दोन मिलिमीटरची धरली तर जवळजवळ एक कला, आणि चांगल्या नजरेची मर्यादाही साधारण तीच. डोळ्याने बाहुलीपेक्षा सरस पडदा बनवून उपयोगच नव्हता.

ताऱ्यांना छायाचित्रांत जी टोकं फुटलेली दिसतात ती ताऱ्यांची नसतात. हबलला चार, कारण दुय्यम आरसा धरणाऱ्या चार पट्ट्या. जेम्स वेबला सहा मोठी, ती षटकोनी आरशांच्या कडांमुळे, आणि पट्ट्यांमुळे आडवी दोन छोटी. शंकासुरांचा केस आणि या पट्ट्या, भावंडंच. चित्र बघून मला आधी दुर्बीण ओळखू येते, तारा नंतर.

अवांतर: चंद्राभोवतीचं २२ अंशांचं मोठं खळं हिमस्फटिकांतल्या अपवर्तनाचं. पातळ ढगात चंद्राला अगदी चिकटून जे रंगीत कडं दिसतं ते थेंबांच्या विवर्तनाचं, आणि थेंब जितके बारीक तितकं कडं मोठं. पुन्हा तोच केसांचा नियम.

---

खडूस, सकाळी ८:०५

कॅमेऱ्याचं राहिलं. भोक लहान तर फोटो जास्त रेखीव, म्हणून लोक एफ/२२ (म्हणजे लेन्सचं भोक अगदी बारीक) लावून बसतात. एफ/२२ ला तो एअरीचा ठिपका पडद्यावर तीसएक मायक्रोमीटरचा होतो आणि पिक्सेल असतो चारेक मायक्रोमीटरचा. महागडी लेन्स घेऊन स्वतःच मऊ फोटो काढायचा. माझा सल्ला कुणी ऐकत नाही, इथे तरी लिहून ठेवतो.

---

शंकासुर, सकाळी ९:१५

मास्तर, हे सगळं पहिल्यांदा कुणाला दिसलं? केस आणि लेझर तर तेव्हा... म्हणजे केस होते.

---

जुना मास्तर, सकाळी ११:४०

बोलोन्याचा ग्रिमाल्डी, धर्मगुरू. बारीक छिद्रातून ऊन अंधाऱ्या खोलीत घेतलं, त्यात काठी धरली, सावली हवी त्याहून रुंद आणि कडेला रंगीत पट्टे. विवर्तनाला लॅटिन नाव त्यानेच दिलं. पुस्तक १६६५ मध्ये निघालं, तो १६६३ मध्येच वारला होता. १८०३ मध्ये यंगने उन्हाच्या झोतात इंचाच्या तिसाव्या भागाएवढी कागदाची पट्टी धरली. सावलीत पट्टे दिसले. एका बाजूचा उजेड अडवला तर आतले पट्टे गायब. म्हणजे दोन्ही बाजूंनी आलेला उजेड आत भेटत होता. शंकासुर, ही तुमच्या केसाची थोरली बहीण.

पण खरी मैफल १८१८ ची. पॅरिसच्या अकादमीने विवर्तनावर स्पर्धा लावली. फ्रेनेल हा रस्ते-पूल बांधणारा इंजिनिअर, त्याने तरंगांचं गणित पाठवलं. परीक्षकांत लाप्लास, बियो आणि प्वासों, तिघेही प्रकाश कणांचाच मानणारे. प्वासोंने तेच गणित पुढे चालवलं आणि म्हटलं, मग गोल चकतीच्या सावलीच्या ऐन मध्यात उजेडाचा ठिपका यायला हवा, कारण काठाचा प्रत्येक बिंदू मध्यापासून सारख्या अंतरावर, सगळ्या लहरी शिखराला शिखर लावून पोचणार. हे कसं शक्य आहे! आरागोने २ मिलिमीटरची चकती घेऊन पाहिलं. ठिपका होता. १८१९ मध्ये बक्षीस फ्रेनेलला.

गोष्ट इतकी गोळीबंद आहे की तिच्यात एक टाचणी टोचावीशी वाटते: हा ठिपका माराल्डीला १७२३ मध्येच दिसला होता. नुसतं दिसून भागलं नाही, तो कुठे असायला हवा हे सांगणारं गणित येईपर्यंत त्याला किंमत नव्हती.

---

मुक्ताफळे, दुपारी १२:१०

प्रकाश कण आहे की तरंग हा धागा आता काढू का, की संपादक रागावतील?

---

जुना मास्तर, दुपारी १२:३०

काढा, पण वेगळा. एवढंच सांगतो: १९०९ मध्ये टेलरने सुईच्या सावलीचा फोटो इतक्या अंधुक उजेडात घेतला की सगळ्यात लांब फोटोला सुमारे तीन महिने लागले. पट्टे तेवढेच स्पष्ट आले. यावर विचार करून मगच धागा काढा.

---

शंकासुर, रविवार, रात्री १०:२०

ठिपका बघितला!!

दोन शनिवार फुकट गेले. आधी नाणं घेतलं, काहीच नाही. त्याच्या काठाला खाचा असतात हे नंतर सुचलं. मग बेअरिंगमधली ४ मिमीची गोळी काचेवर चिकटवली, तर गोंदाचा थेंब बाहेर डोकावत होता. तिसऱ्यांदा गोंद अगदी टोकावर लावला, लेझरसमोर छोटं भिंग धरून झोत पसरवला, पडदा दोन मीटरवर. काळी वाटोळी सावली आणि मधोमध टाचणीच्या टोकाएवढा लाल ठिपका. लेकीला वाटलं गोळीला भोक आहे. काढून हातात दिली, उलटसुलट बघितली, पटलं नाही.

मग तिने विचारलं, टेनिसच्या चेंडूच्या सावलीत का नाही दिसत? मी गप्प.

---

जुना मास्तर, रविवार, रात्री १०:४५

अभिनंदन. लेकीला सांगा, प्रश्न माझ्या अंदाजापेक्षा चांगला आहे. लेझरने चेंडूएवढी सावली पाडली तरी तीन मीटरवर तो ठिपका जेमतेम ०.०४ मिमी रुंद होईल. आणि तो यायला चेंडूचा काठही साधारण तितकाच काटेकोर गोल लागेल. टेनिसच्या चेंडूला लव असते. ठिपका मोठा हवा तर पडदा शेकडो मीटर लांब न्या.

---

शंकासुर, रविवार, रात्री १०:५२

०.०४ मिमी म्हणजे तिच्या केसापेक्षा बारीक. सांगितलं तिला. आता ती चेंडूची लव काढत बसली आहे.